दृश्य प्रोग्रॅमिंगमधील फीडबॅक लूप व त्यांचे दोषनिवारण

दृश्य प्रोग्रॅमिंगमध्ये एखाद्या घटकातून बाहेर पडलेले मूल्य तारांच्या वाटेने फिरून पुन्हा त्याच घटकाच्या आदानात येते, तेव्हा त्या बंद वाटेस फीडबॅक लूप किंवा प्रत्याभरण चक्र असे म्हणतात. प्रतिध्वनी, यंत्रांचे स्वयंनियंत्रण, मोजणी करणारे गणक, पडद्यावर रेंगाळणाऱ्या प्रकाशरेषा अशा अनेक गोष्टी चक्राविना घडत नाहीत. मात्र चक्र अयोग्य रीतीने जोडले गेल्यास प्रणाली गोठते, त्रुटीसंदेश येतो, ध्वनी बंद पडतो किंवा अचानक कर्कश होतो. चक्र कोठे आहे, ते का अडते आणि ते कसे मार्गी लावावे, हे जाणणे म्हणजे या दोषांचे निवारण होय.

पार्श्वभूमी

दृश्य प्रोग्रॅमिंगमध्ये आज्ञा ओळींत लिहिण्याऐवजी पडद्यावर चौकटी मांडून त्या तारांनी जोडतात. प्रत्येक चौकट एक क्रिया करते आणि तारेतून विदा, म्हणजे डेटा, वाहतो. अशा आराखड्यास मॅक्स व प्युअर डेटामध्ये 'पॅच', तर सिम्युलिंकमध्ये 'मॉडेल' म्हणतात. चित्ररूप आज्ञावलीचा एक आरंभीचा प्रयत्न बर्ट सदरलँड यांच्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील १९६६ च्या प्रबंधात आढळतो. १९८० च्या दशकाच्या मध्यास मिलर पकेट यांनी पॅरिस येथील इर्काम या संस्थेत मॅक्स ही संगीतप्रणाली विकसित केली. तिचे नाव संगणक-संगीताचे प्रवर्तक मॅक्स मॅथ्यूज यांच्यावरून ठेवले आहे. १९८६ मध्ये नॅशनल इन्स्ट्रुमेंट्सने मोजमाप व नियंत्रण यांसाठी लॅबव्ह्यू आणले. पुढे १९९० च्या दशकात पकेट यांनीच प्युअर डेटा ही मुक्त स्रोत प्रणाली तयार केली.

प्रत्याभरणाची कल्पना संगणकाहून जुनी आहे. जेम्स वॉट यांच्या वाफेच्या इंजिनावरील गतिनियामक हे तिचे परिचित उदाहरण. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६८ मध्ये अशा नियामकांच्या स्थैर्याचे गणिती विवेचन केले, तर १९२७ मध्ये बेल लॅबोरेटरीजमधील हॅरोल्ड ब्लॅक यांनी ऋण प्रत्याभरणावर चालणाऱ्या विवर्धकाची कल्पना मांडली. भौतिक यंत्रातील चक्रात काही ना काही विलंब निसर्गतःच असतो. संगणकाच्या आराखड्यात तार जोडताना तो आपोआप येत नाही. या लेखातील बहुतेक दोषांचे मूळ याच फरकात आहे.

चक्र का अडते

तारांनी जोडलेला आराखडा चालवण्यापूर्वी संगणकाला घटकांचा क्रम ठरवावा लागतो. साधा नियम असा की, ज्या घटकाचे आदान तयार आहे तो आधी चालावा. 'अ'चे प्रदान 'ब'ला आणि 'ब'चे 'क'ला जात असेल, तर अ, ब, क हा क्रम सहज ठरतो. परंतु 'क'ची तार परत 'अ'ला जोडली, तर 'अ'ला 'क'ची वाट पाहावी लागते आणि 'क'ला 'अ'ची. कोणीही आधी चालू शकत नाही.

स्प्रेडशीट वापरणाऱ्यांना हा प्रकार ओळखीचा असतो. एका कोष्ठातील सूत्रात दुसऱ्या कोष्ठाचा आणि दुसऱ्यातील सूत्रात पहिल्याचा उल्लेख असेल, तर एक्सेल वर्तुळाकार संदर्भाची सूचना देते. पुनरावर्ती गणनेचा पर्याय चालू केल्यास ते तीच गणना पुन:पुन्हा करते. त्यासाठी मूळ मर्यादा १०० फेऱ्यांची व ०.००१ इतक्या फरकाची असते.

या अडचणीवर उपाय एकच, तो म्हणजे चक्रात कोठेतरी स्मृती ठेवणे. 'अ'ने 'क'चे या क्षणाचे मूल्य न मागता मागील क्षणाचे मूल्य घेतले, तर क्रम ठरतो. मागील मूल्य धरून ठेवणाऱ्या घटकास विलंब घटक म्हणतात. निरनिराळ्या प्रणालींत त्याची नावे निरनिराळी असली, तरी काम हेच असते.

प्युअर डेटा व मॅक्समधील संदेशांचे चक्र

या दोन्ही प्रणालींत दोन प्रकारचे प्रवाह असतात: क्वचित जाणारे संदेश आणि अखंड वाहणारा ध्वनिसंकेत. दोहोंतील दोषांची लक्षणे वेगळी असल्याने त्यांचा विचारही वेगळा करावा लागतो.

संदेश घटकात शिरताच त्यावर क्रिया होते आणि उत्तर लगेच पुढे जाते. पुढचा घटक आपले काम संपवेपर्यंत मागचा थांबून राहतो. चक्रात विलंब नसेल तर थांबलेल्या घटकांची रांग वाढत जाते आणि 'स्टॅक ओव्हरफ्लो' ही त्रुटी येते. मॅक्समध्ये अशा वेळी संदेशवहन थांबवले जाते व दुरुस्तीनंतर ते पुन्हा चालू करावे लागते.

गणक हे याचे उत्तम उदाहरण. संख्या धरून ठेवणारा 'फ्लोट' आणि एक मिळवणारा घटक यांची जोडी करून मोजणी करतात. या घटकांचे सर्वांत डावे आदान 'उष्ण' असते. तेथे मूल्य येताच घटक उत्तर बाहेर पाठवतो. उजवे आदान 'शीत' असते. तेथे आलेले मूल्य नुसते साठवले जाते. बेरजेचे उत्तर फ्लोटच्या शीत आदानात परत नेले, तर प्रत्येक ठोक्याला संख्या एकाने वाढते. तीच तार चुकून उष्ण आदानात गेली, तर पहिल्याच ठोक्याला अखंड चक्र सुरू होते. दोष एका तारेच्या टोकात असतो आणि दुरुस्तीही तेवढीच असते.

दुसरे उदाहरण परस्परावलंबी मूल्यांचे. सेल्सिअस व फॅरेनहाइट यांच्या दोन संख्याचौकटी अशा जोडायच्या आहेत की, एक बदलली की दुसरीही बदलावी. दोन्ही दिशांच्या तारा थेट जोडल्यास पहिली दुसरीला आणि दुसरी पुन्हा पहिलीला संदेश पाठवत राहते. येथे 'सेट' हा संदेश उपयोगी पडतो. मूल्याआधी 'सेट' लावून पाठवल्यास चौकटीतील आकडा बदलतो, पण ती तो पुढे पाठवत नाही. मूल्य बदलले तरच पुढे जाऊ देणारा 'चेंज' घटकही काही जण वापरतात. परंतु दशांश अपूर्णांकांच्या गणनेत अखेरच्या स्थानी सूक्ष्म फरक राहू शकत असल्याने त्यावर पूर्णतः विसंबता येत नाही.

क्रमाचा प्रश्नही वारंवार उद्भवतो. एकाच प्रदानातून अनेक तारा निघत असतील, तर मॅक्समध्ये संदेश पडद्यावरील स्थानानुसार उजवीकडून डावीकडे जातात. प्युअर डेटामध्ये ते तारा ज्या क्रमाने जोडल्या त्या क्रमाने जातात, आणि हा क्रम चित्र पाहून कळत नाही. म्हणून दिसायला तंतोतंत सारखे असलेले दोन पॅच वेगळे वागू शकतात. यासाठी 'ट्रिगर' हा घटक वापरून क्रम स्पष्ट करावा.

ध्वनिसंकेतांचे चक्र

ध्वनीची गणना एकेका नमुन्याने न होता नमुन्यांच्या गटाने होते. प्युअर डेटामध्ये या गटास ब्लॉक म्हणतात व त्यात मूळतः ६४ नमुने असतात. सेकंदाला ४४,१०० नमुने या दराने एक ब्लॉक सुमारे १.४५ मिलिसेकंदांचा होतो. ध्वनितारांचे थेट चक्र जोडल्यास प्युअर डेटा 'डीएसपी लूप' आढळल्याचे कळवतो आणि चक्रातील घटक गणनेतून वगळतो. वापरणाऱ्याला मात्र केवळ शांतता ऐकू येते. त्यामुळे ध्वनी येत नसल्यास तारा तपासण्यापूर्वी त्रुटींची खिडकी वाचावी.

यावर उपाय म्हणजे एक तार काढून तिच्या जागी 'सेंड' व 'रिसीव्ह' किंवा 'डिलेराइट' व 'डिलेरीड' या ध्वनिजोड्या वापरणे. मॅक्समध्ये यासाठी 'टॅपइन' व 'टॅपआउट' ही जोडी आहे. अशा चक्रात किमान एका गटाचा विलंब येतोच. प्रतिध्वनीसाठी एवढा विलंब नगण्य असतो, परंतु सर्वच कामांना तो चालत नाही. तारवाद्याचा नाद निर्माण करणाऱ्या कार्प्लस-स्ट्राँग पद्धतीत विलंबाच्या लांबीवरून स्वराची उंची ठरते. किमान विलंब ६४ नमुन्यांचा असेल, तर ४४,१०० भागिले ६४ म्हणजे सुमारे ६८९ हर्ट्झहून उंच स्वर मिळूच शकत नाही. उंच स्वरांसाठी संपूर्ण चक्र एका उपआराखड्यात ठेवून तेथे ब्लॉकचा आकार लहान, अगदी १ नमुन्याइतकाही, करता येतो. मात्र प्रक्रियकावरील भार वाढतो. मॅक्समधील 'जेन' या विभागात 'हिस्टरी' हा एका नमुन्याचा विलंब देणारा घटक याच कामासाठी आहे.

सिम्युलिंकमधील बैजिक चक्र

नियंत्रण अभियांत्रिकीत वापरल्या जाणाऱ्या सिम्युलिंकमध्ये विलंबरहित चक्रास बैजिक चक्र म्हणतात, कारण ते वस्तुतः एक समीकरण असते. ज्या घटकाचे प्रदान त्याच क्षणाच्या आदानावर अवलंबून असते, त्यात थेट प्रवेश आहे असे म्हणतात. बेरीज व गुणक या घटकांत थेट प्रवेश असतो. एका पायरीचा विलंब देणाऱ्या 'युनिट डिले'मध्ये तो नसतो. चक्रातील सर्वच घटकांत थेट प्रवेश असेल, तर बैजिक चक्र निर्माण होते.

उदाहरणार्थ, य = ३ − क × य हे चक्र घेऊ. बीजगणिताने य = ३ ÷ (१ + क) असे उत्तर येते. क = ०.५ असेल तर य = २, आणि क = २ असेल तर य = १. सिम्युलिंक असे समीकरण प्रत्येक कालपायरीला पुनरावर्ती पद्धतीने सोडवण्याचा प्रयत्न करते. त्यामुळे गती मंदावते आणि कधी उत्तर सापडतही नाही. शिवाय अशा मॉडेलपासून प्रत्यक्ष यंत्रासाठीचा कोड निर्माण करता येत नाही.

पुष्कळ नवशिके त्रुटी घालवण्यासाठी चक्रात एक विलंब घटक बसवतात. त्रुटी जाते, पण मॉडेलचे वर्तन बदलते. वरील उदाहरणात विलंब बसवून शून्यापासून आरंभ केल्यास क = ०.५ साठी ३, १.५, २.२५, १.८७५, २.०६२५ अशी मूल्ये येतात आणि ती २ कडे स्थिरावतात. क = २ साठी मात्र ३, −३, ९, −१५, ३३ अशी मूल्ये येतात आणि ती वाढतच जातात. समीकरणाचे खरे उत्तर १ असूनही विलंबामुळे चक्र अस्थिर झाले. म्हणून विलंब बसवण्यापूर्वी प्रत्यक्ष यंत्रात त्या ठिकाणी विलंब आहे का, हा प्रश्न विचारला पाहिजे. मोजमाप करणारा संवेदक किंवा ठरावीक अंतराने चालणारा नियंत्रक असेल, तर विलंब तेथे खरोखरच असतो. नसेल, तर समीकरण हाताने सोडवून थेट उत्तराचे सूत्र मॉडेलमध्ये घालणे इष्ट.

इतर प्रणाली

लॅबव्ह्यूमध्ये विलंबरहित चक्र चालवताच येत नाही. चालवण्याच्या बटणावरील बाण तुटलेला दिसतो. मागील फेरीचे मूल्य 'फीडबॅक नोड' किंवा 'शिफ्ट रजिस्टर' यांच्याद्वारे पुढे नेतात. येथे वारंवार आढळणारा दोष आरंभमूल्याचा असतो. शिफ्ट रजिस्टरला आरंभमूल्य जोडले नसेल, तर आधीच्या खेपेचे अंतिम मूल्य तसेच राहते. आज्ञावली पहिल्यांदा बरोबर आणि दुसऱ्यांदा चूक उत्तर देत असेल, तर प्रथम आरंभमूल्य पाहावे.

टचडिझायनर या चित्रप्रणालीत 'फीडबॅक' घटक मागील चित्रचौकट पुरवतो. त्याऐवजी थेट तार जोडल्यास परस्परावलंबनाची सूचना येते. या चक्रात एक सूक्ष्म दोषही आढळतो. मागील चित्र दर चौकटीस ०.९९ ने फिकट करायचे असेल आणि रंग ८ बिट पूर्णांकांत साठवले जात असतील, तर ४० या मूल्याचे ३९.६ होते व पूर्णांकात आणताना ते पुन्हा ४० होते. परिणामी रेषा फिकट होत जातात, पण पूर्ण पुसल्या जात नाहीत. १६ किंवा ३२ बिट दशांश स्वरूप निवडल्यास हा दोष जातो.

वास्तुरचनाकारांत प्रचलित असलेले ग्रासहॉपर चक्रे मान्य करीत नाही. त्यासाठी अ‍ॅनिमोन किंवा हूपस्नेक यांसारखी जोड-साधने वापरतात. ब्लेंडरच्या भूमिती-घटकांतही तारांचे चक्र चालत नाही. मात्र २०२३ मधील ३.६ या आवृत्तीपासून 'सिम्युलेशन झोन' उपलब्ध असून त्यात मागील चौकटीची स्थिती पुढील चौकटीस मिळते.

चक्राचा गुणक व स्थैर्य

चक्र मार्गी लागले म्हणजे ते सुरक्षित झाले असे नव्हे. एका फेरीत मूल्य ज्या संख्येने गुणले जाते, तिला चक्राचा गुणक म्हणतात. गुणक १ पेक्षा लहान असेल तर सतत येणारे आदान एका मर्यादेत साठते: गुणक ०.५ असता आदानाच्या २ पट, ०.९ असता १० पट आणि ०.९९ असता १०० पट. यावरून १ च्या जवळ जाताना गुणकातील किंचित बदलही किती मोठा ठरतो हे लक्षात येते.

गुणक १ पेक्षा मोठा असेल तर वाढीस सीमा राहत नाही. गुणक १.१ असता मूल्य २५ फेऱ्यांत दसपटीहून अधिक होते. ६४ नमुन्यांच्या विलंबाने २५ फेऱ्यांना सुमारे ३६ मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात माणसाचा हात बटणापर्यंतही पोहोचत नाही. म्हणून चक्राची पहिली चाचणी हेडफोन कानाला लावून कधीही घेऊ नये, ध्वनिपातळी कमी ठेवावी आणि चक्राच्या आत मूल्यास कमाल मर्यादा घालणारा 'क्लिप' घटक बसवावा. केवळ अंतिम प्रदानावर मर्यादा घातल्यास कान वाचतात, पण चक्रातील मूल्य आत वाढतच राहते.

आणखी दोन दोष उल्लेखनीय आहेत. शून्याने भागण्यासारख्या क्रियेतून 'नॅन', म्हणजे संख्या नसलेले मूल्य, एकदा चक्रात शिरले की प्रत्येक फेरीत तेच पुढे जाते. मूळ कारण दूर करूनही चक्र बंदच राहते. अशा वेळी विलंबातील साठा रिकामा करावा लागतो. याउलट विरत जाणाऱ्या प्रतिध्वनीत मूल्ये अतिशय लहान झाल्यास काही प्रक्रियकांवर त्यांची गणना मंदावते आणि शांततेतही भार वाढलेला दिसतो. ठरावीक मर्यादेखालील मूल्ये शून्य करणे हा त्यावरील उपाय होय.

आराखड्याबाहेरचे चक्र

कधी आराखड्यात एकही चक्र नसते आणि तरीही लक्षणे चक्राची असतात. सभागृहात मायक्रोफोन ध्वनिवर्धकासमोर आल्यास शीळ वाजते. डॅनिश शास्त्रज्ञ सोरेन लार्सेन यांच्यावरून तिला लार्सेन परिणाम म्हणतात. मायक्रोफोनचा ध्वनी घेऊन तो ध्वनिवर्धकावर पाठवणारा पॅच हेच चक्र हवेतून पूर्ण करतो. कॅमेऱ्यासमोर त्याचेच चित्र दाखवणारा पडदा असल्यास असेच घडते. मिडी कीबोर्ड व संगणक एकमेकांना तेच संदेश परत पाठवीत असतील, तर स्वर दुहेरी वाजतात. त्यासाठी कीबोर्डचे 'लोकल कंट्रोल' बंद करतात. एकाच नावाने केलेली 'सेंड' व 'रिसीव्ह' जोडणी आराखड्यातच असली, तरी तार दिसत नसल्याने तीही नजरेतून निसटते.

दोष शोधण्याची पद्धत

१. प्रथम ध्वनी, मोटार किंवा अन्य प्रदान बंद करावे आणि संचिकेची प्रत काढून ठेवावी.

२. पहिला त्रुटीसंदेश वाचावा. पुढचे संदेश बहुधा त्याचेच परिणाम असतात. प्युअर डेटाच्या शोध-यादीत अखेरची त्रुटी दाखविण्याची सोय आहे.

३. त्रुटी दाखवणाऱ्या घटकापासून तारेच्या उलट दिशेने मागे जावे. ज्या घटकापासून निघालो तोच पुन्हा भेटला की चक्र सापडले. अदृश्य जोडण्या व बाहेरची साधने यांचाही मागोवा घ्यावा.

४. संशयित तार काढून पाहावी. दोष थांबला तर ती तार चक्रात आहे. न थांबल्यास ती चक्राबाहेर आहे किंवा आणखी एखादे चक्र आहे.

५. चक्र हेतुपुरस्सर आहे की चुकून झाले आहे, हे ठरवावे. चुकून झाले असल्यास तार काढावी किंवा योग्य आदानास जोडावी. हवे असल्यास विलंबाची जागा निवडावी.

६. विलंब घटकास आरंभमूल्य द्यावे आणि चक्र रिकामे करण्याची सोय ठेवावी.

७. एकच लहान ठोका देऊन मूल्ये छापून पाहावीत. ती घटत गेली पाहिजेत. घटल्याची खात्री पटल्यावरच प्रदान पुन्हा जोडावे.

उघडताच गोठणाऱ्या पॅचमध्ये बहुधा आरंभीच ठोका देणारा 'लोडबँग' चक्राला चालना देत असतो. प्युअर डेटा 'नोलोडबँग' या पर्यायासह सुरू केल्यास तो ठोका पडत नाही आणि पॅच दुरुस्त करता येतो. त्याची संचिका साध्या मजकुराची असल्याने मजकूर-संपादकातही ती उघडता येते.

हेही पहा

प्रत्याभरण
नियंत्रण अभियांत्रिकी
प्युअर डेटा
लॅबव्ह्यू
प्रतिध्वनी